पिसातला जमाखर्च

जानेवारीतली सकाळ होती. करमाळा तालुक्यातल्या केत्तूरच्या बाजूने आमची होडी उजनीच्या फुगवट्यात शिरली, तेव्हा धुके अजून पाण्यावरच रेंगाळत होते. मासेमार मामांनी रात्री लावलेले जाळे ओढायला घेतले आणि पाहता पाहता पन्नासेक कुरव डोक्यावर घिरट्या घालू लागले. तपकिरी डोक्याचे कुरव होते ते. हिवाळ्यात डोक्याचा तपकिरी रंग जातो आणि डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा राहतो. मी विचारले, “मामा, हे दिवसभर खातात तरी काय?” जाळ्यातली चिलापी सोडवत मामा म्हणाले, “घावंल ते. बारकी मासळी म्हणा, जाळ्यात मेलेलं म्हणा, आन् पावणे टाकत्यात ती शेव बी.” मग त्यांनीच मला विचारले, “पर हे समुद्राचं पाखरू हाय म्हनत्यात. मग हितं गोड्या पाण्यात का येतंय? आन् येताना काय खाऊन येतंय?”

मामांचा प्रश्न साधा वाटतो, पण समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ शतकभर याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. पक्षी कुठे खातो, काय खातो आणि अन्नसाखळीच्या कोणत्या पायरीवर बसतो, हे शोधण्याचे एक साधन गेल्या साठ-सत्तर वर्षांत घडत गेले. ते साधन म्हणजे स्थिर समस्थानिके. ते बरेचसे खाऱ्या पाण्यावर घडले असले, तरी सोलापूरसारख्या समुद्रापासून दूरच्या, ज्वारी-उसाच्या जिल्ह्यात त्याला विचारण्याजोगे प्रश्न पुष्कळ आहेत. ते साधन काय सांगते, कुठे फसते आणि आपल्याकडे कशासाठी वापरावे, याचा हा आढावा.

पोट उघडून पाहण्याचे दिवस

पक्षी काय खातो हे कळण्याचा जुना मार्ग क्रूर आणि अपुरा होता. पक्षी मारायचा, पोट उघडायचे, सापडेल ते मोजायचे. पुढे पक्षी न मारता पोट धुऊन अन्न बाहेर काढण्याची रीत आली. घरट्याजवळ पडलेल्या, न पचलेल्या भागांच्या गोळ्या तपासल्या जाऊ लागल्या. पिल्लाला भरवायला आणलेला मासा दुर्बिणीतून ओळखण्याचीही पद्धत होती आणि आजही आहे.

या सगळ्या पद्धतींमध्ये एक खोट आहे. टणक वस्तू पोटात टिकते, मऊ वस्तू विरघळते. माशाच्या कानातला खडा आणि माकुळाची चोच अनेक दिवस पोटात राहतात. जेलीफिश किंवा माशाची अंडी तासाभरात नाहीशी होतात. त्यामुळे माकूल थोडे खाणारा पक्षी वहीत माकूलखाऊ म्हणून नोंदला जातो. शिवाय पोट सांगते ते फार तर गेल्या काही दिवसांच्या जेवणाचे. आणि वर्षातला बराच काळ समुद्रपक्षी किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असतो, तिथे दुर्बीण घेऊन कोण बसणार? घरट्यावरच्या दोन-तीन महिन्यांवरून वर्षभराचा आहार ठरवला जाई.

जड अणूंची गोष्ट

निसर्गातला सगळा कार्बन एकाच वजनाचा नसतो. शंभरातले साधारण ९९ अणू कार्बन-१२ चे, तर एखादा कार्बन-१३ चा. नायट्रोजनच्या हजार अणूंमध्ये सुमारे ९९६ नायट्रोजन-१४ चे आणि चारांहूनही थोडे कमी नायट्रोजन-१५ चे. हे जड भाऊ किरणोत्सर्गी नाहीत. कार्बन-१४ सारखे ते काळाबरोबर झिजत नाहीत, म्हणून त्यांना स्थिर समस्थानिके म्हणायचे. रसायनात ते हलक्या भावासारखेच वागतात, फक्त किंचित मंद. हा किंचित मंदपणाच सगळ्या शास्त्राचा आधार आहे. प्रत्येक प्रक्रियेत जड आणि हलक्याचे प्रमाण थोडे बदलते आणि त्या बदलाची खूण शरीरात राहते.

हा फरक इतका बारीक असतो की टक्क्यांत बोलून भागत नाही, दर हजारी बोलावे लागते. नमुन्यातले प्रमाण एका ठरलेल्या प्रमाणाशी ताडून जो फरक येतो त्याला डेल्टा मूल्य म्हणतात. नायट्रोजनसाठी हवा हे प्रमाण आहे. कार्बनसाठी अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनातल्या पी डी थरांमधला एक जीवाश्म प्रमाण मानला गेला होता. मूल्य उणे आले तर नमुना प्रमाणापेक्षा हलका, अधिक आले तर जड.

आपल्या जिल्ह्यातले पीकच याचे उत्तम उदाहरण आहे. गहू, हरभरा, तूर, भात, डाळिंब ही झाडे हवेतला कार्बन एका रीतीने घेतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस दुसऱ्या रीतीने. ही दुसरी रीत हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उलगडली, तीही उसावर काम करताना. पहिल्या गटाचे कार्बन-मूल्य साधारण उणे २७ च्या आसपास असते, दुसऱ्याचे उणे १२-१३ च्या. म्हणजे मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी आणि गव्हाची पोळी यांत चौदा-पंधरा दर हजारी अंतर. मोजणी यंत्राची चूक दर हजारी ०.१ किंवा ०.२ इतकीच असते, तेव्हा हे अंतर डोंगराएवढे म्हणायला हवे. ज्वारी खाणाऱ्या पाखराच्या अंगावर ज्वारीची खूण उमटते, हरभरा खाणाऱ्याच्या अंगावर हरभऱ्याची.

अमेरिकेतले डीनिरो आणि एपस्टाइन यांनी १९७८ मध्ये कार्बनचा आणि १९८१ मध्ये नायट्रोजनचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठाऊक असलेले अन्न प्राण्यांना देऊन त्यांनी शरीरातले प्रमाण मोजले. कार्बन खाणाऱ्यात फारसा बदलत नाही, साधारण एक दर हजारीने जड होतो, त्यामुळे तो अन्न कुठले हे सांगतो. नायट्रोजनचे वेगळे आहे. शरीर टाकाऊ नायट्रोजन बाहेर टाकते तेव्हा हलका जास्त जातो आणि जड मागे राहतो. जपानच्या मिनागावा आणि वाडा यांनी १९८४ मध्ये निरनिराळ्या अन्नसाखळ्या तपासून दाखवले की एका पायरीला नायट्रोजन सरासरी ३.४ दर हजारीने जड होतो. शेवाळ, त्यावर जगणारे प्राणिप्लवक, ते खाणारा बारका मासा, तो टिपणारा पक्षी: प्रत्येक पायरीला साधारण तेवढीच वाढ. कार्बनने ठिकाण कळते, नायट्रोजनने पायरी. या दोन आकड्यांच्या आलेखावर पक्ष्याचा बिंदू मांडला की त्याच्या जेवणाचा ताळा लागतो.

एका पिसाचे काय करतात

प्रयोगशाळेत पीस येते ते मळलेले असते. त्यावर तेलाचा थर असतो, धूळ असते. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात ते धुतात, वाळवतात, मग बारीक कात्रीने त्याचा चुरा करतात. कथिलाच्या इवल्याशा पुडीत साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम चुरा भरतात. ज्वारीचा एक दाणा सुमारे ३० मिलिग्रॅमचा असतो. तेव्हा दाण्याच्या तिसाव्या भागाएवढे पीस पुरते. ती पुडी हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या भट्टीत ऑक्सिजनसह जाळली जाते. पिसाचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजन वायुरूपात सुटतो. हे वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये चुंबकाच्या क्षेत्रातून जातात. हलके रेणू जास्त वळतात, जड कमी. कार्बन डायऑक्साइडचे ४४ आणि ४५ वजनाचे प्रवाह वेगळे पडतात आणि त्यांचे प्रमाण आकड्यात हाती येते.

पक्ष्याचा कोणता भाग घेतला यावर काळ ठरतो. पीस एकदा पूर्ण उगवले की ते निर्जीव केराटिन असते, पुढे बदलत नाही. ज्या आठवड्यांत ते उगवले, त्या आठवड्यांचे जेवण त्यात बंद होते. रक्त मात्र सतत नवे होते. कॅनडाचे हॉब्सन आणि क्लार्क यांनी १९९२ मध्ये पाळलेल्या जपानी लाव्यांना गव्हावरून मक्यावर आणले आणि कोणत्या अवयवातला जुना कार्बन किती दिवसांत अर्धा होतो ते मोजले. यकृतात २.६ दिवस लागले, रक्तात ११.४, स्नायूंत १२.४ आणि हाडातल्या कोलॅजनला १७३ दिवस. गव्हावरून मक्यावर जाणे म्हणजे मघाशी सांगितलेल्या दोन गटांमधली उडीच. ज्वारी आणि हरभऱ्याच्या रानात वाढलेल्या माणसाला या प्रयोगाचे तर्कशास्त्र पटकन पटते.

म्हणजे एकाच कुरवाकडून तीन वेगवेगळ्या काळांचा हिशेब मिळू शकतो. रक्तद्रव गेल्या काही दिवसांचा, रक्तपेशी महिन्या-दोन महिन्यांचा, पीस त्याच्या उगवण्याच्या ऋतूचा. पक्षी मारायचे कारण उरत नाही.

समुद्रपक्ष्यांनी काय सांगितले

या साधनाने पहिल्यांदा गाठ घातली ती कुरवांचीच. हॉब्सनने १९८७ मध्ये कार्बन-मूल्यांवरून कुरवांच्या आहारात समुद्राचे आणि जमिनीचे प्रथिन किती, हे काढून दाखवले. कचराकुंडीवर जगणारा आणि माशांवर जगणारा कुरव बाहेरून सारखेच दिसतात, पण त्यांच्या ऊतींचे आकडे वेगळे असतात. १९९० मध्ये त्याने मार्बल्ड मुरलेट या समुद्रपक्ष्याच्या ऊतींत गोड्या पाण्याची खूण सापडल्याचे दाखवले. खुल्या समुद्राचा म्हणून ओळखला जाणारा पक्षी तलावातही चरतो, हे पोट उघडून सहजी लक्षात आले नसते. केत्तूरच्या मामांचा प्रश्न त्या वेळी तिकडे, प्रशांत महासागराच्या काठी, असा सुटू लागला होता.

१९९४ मध्ये हॉब्सन, पायट आणि पिटोकेली यांनी अलास्काच्या परिसरातल्या अनेक जातींच्या समुद्रपक्ष्यांची पायरी नायट्रोजनवरून ठरवली. पोटातल्या नमुन्यांवरून वाटत होते त्यापेक्षा खालच्या पायरीचे अन्न कित्येक जातींसाठी जास्त महत्त्वाचे निघाले. टणक भाग टिकतात आणि मऊ विरघळतात, ही जुनी खोट इथे आकड्यांत उघडी पडली.

पुढे अभ्यासकांनी संग्रहालयांकडे मोर्चा वळवला. मध्य कॅलिफोर्नियातल्या मुरलेटची १८९५ ते १९११ मधली पिसे आणि १९९८ ते २००२ मधली पिसे बेकर आणि बाइसिंजर यांनी ताडून पाहिली. शंभर वर्षांत पक्षी अन्नसाखळीच्या खालच्या पायऱ्यांवर सरकला होता. सार्डिन माशांची अतिमासेमारी होऊन मोठा, चरबीदार मासा कमी झाला आणि पक्षी बारीकसारीकावर आला, असा त्यांचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच वर्षी एम्स्ली आणि पॅटरसन यांनी अंटार्क्टिकातल्या अॅडेली पेंग्विनांच्या अंड्यांच्या कवचांवरून ३८,००० वर्षांचा आलेख मांडला. त्यात गेल्या सुमारे दोनशे वर्षांतच आहार एकदम खालच्या पायरीवर, म्हणजे माशांवरून क्रिल या कोळंबीसारख्या बारक्या जीवावर, आलेला दिसतो. देवमासे आणि सील मारले गेल्याने क्रिल मुबलक झाले, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. त्यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता, कारण त्या वादातूनच या पद्धतीच्या मर्यादा सगळ्यांना नीट कळल्या.

एकेका पक्ष्याच्या सवयीही दिसू लागल्या. वेल्समधल्या गॅनेट पक्ष्यांवर व्होटियर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जीपीएसने घेतलेला माग आणि समस्थानिके एकत्र वापरली. काही पक्षी मासेमारी बोटींनी टाकून दिलेल्या मासळीवर अवलंबून, तर काही आपापली शिकार करणारे, हे वेगवेगळे ओळखता आले. जात एक असली, तरी सवयी वेगळ्या. अन्नजाळ्यावर अशी मूल्ये मांडली की प्रदूषणाचा माग काढणेही सोपे जाते. पारा पायरीगणिक साठत जातो. नायट्रोजनवरून पायरी कळली, की पिसातला पारा पायरीमुळे वाढला की पाण्यामुळे, याचा विचार करता येतो.

पाया मोजल्याशिवाय

आता या साधनाचा दुबळा सांधा. पायऱ्यांचा हिशेब मांडायचा तर जिना कुठून सुरू होतो ते माहीत हवे. समजा, एका स्वच्छ तळ्यातल्या शेवाळाचे नायट्रोजन-मूल्य ४ आहे. तीन पायऱ्या चढून मासे टिपणाऱ्या सुरय पक्ष्याचे मूल्य १४.२ होईल. दुसऱ्या तळ्यात शेवाळाचेच मूल्य १० असेल, तर तिथे एकच पायरी चढलेल्या प्राणिप्लवकाचे मूल्य १३.४ होईल. दोन्ही तळ्यांतून आलेले १३-१४ चे आकडे ज्याने फक्त पक्ष्याकडे पाहून वाचले, तो चौथ्या पायरीवरचा सुरय आणि दुसऱ्या पायरीवरचा किडा एकाच पंगतीला बसवेल. पायाचा आकडा नसेल, तर पिसाचा आकडा निरुपयोगी.

अरबी समुद्र याचे जिवंत उदाहरण आहे. साधारण १५० ते १,००० मीटर खोलीच्या पट्ट्यात तिथे ऑक्सिजन इतका कमी आहे की जिवाणू नायट्रेटवर जगतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. हलका नायट्रोजन वायू होऊन जातो, जड नायट्रेटमध्ये मागे राहतो. जगातल्या महासागरांच्या नायट्रेटचे मूल्य साधारण ५. अरबी समुद्राच्या या पट्ट्यात ते १५ किंवा त्याहूनही वर जाते. डोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओच्या, शास्त्रज्ञांचे या विषयावरचे काम जगभर वाखाणले गेले आहे. उलट, ज्या पाण्यात ट्रायकोडेस्मियम नावाचे सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन बांधून घेतात, तिथले मूल्य शून्याच्या जवळ येते. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर वीण करणाऱ्या सुरयांच्या पिल्लांचे पीस वाचायचे, तर अरबी समुद्राचा हा चढउतार आधी माहीत असावाच लागतो. लक्षद्वीपमधल्या पक्षी पिट्टी बेटावरच्या सुरयांसाठीही हेच खरे.

कार्बनचा पायाही स्थिर नाही. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेत हलका कार्बन वाढला आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे मूल्य उणे ६.५ च्या आसपास होते, आता ते उणे ८ च्याही खाली गेले आहे. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या पिसाशी आजचे पीस ताडताना ही घट मिळवावी लागते, नाहीतर पक्ष्याचे जेवण बदलले नसताना बदलल्यासारखे दिसते.

उरलेल्या अडचणींपैकी दोन आपल्या कामाच्या आहेत. पहिली, उपाशी राहिलेला पक्षी आपलेच स्नायू खातो. तो जणू स्वतःच्याच एक पायरी वर जातो. रॉस हंसांच्या माद्या अंडी उबवताना उपाशी राहतात आणि त्यांच्या शरीरातला जड नायट्रोजन वाढतो, हे हॉब्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले. हिमालय ओलांडून उजनीवर उतरलेल्या पट्टकादंब हंसांचे रक्त पहिल्याच आठवड्यात घेतले, तर हाच दोष येऊ शकतो. दुसरी, दोन समस्थानिकांवरून पाच-सहा अन्नांचे अचूक वाटप करता येत नाही. त्यासाठी संगणकावर मिश्रणाचे आराखडे बसवतात, आणि ते एक आकडा न देता शक्यतांचा पट्टा देतात. हा पट्टा जो पाहत नाही आणि मधला एकच आकडा उचलून सांगतो, तो स्वतःलाच फसवतो.

उजनीचा ताळेबंद

आता मामांच्या होडीत परत येऊ. उजनी धरण भीमेवर टेंभुर्णीजवळ, १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला तब्बल ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात, तेव्हाही धरणात पाणी असते. त्या पाण्यात पुण्यातून मुळा-मुठा वाटे आलेले सांडपाणी असते आणि काठच्या उसाला टाकलेल्या युरियाचा निचराही. सांडपाण्यातला नायट्रोजन जड असतो, कारण त्याचा अमोनिया उडून जाताना आणि जिवाणू काम करताना हलका भाग निघून जातो. युरिया मात्र कारखान्यात हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, त्यामुळे त्याचे मूल्य शून्याच्या जवळपास असते. एकाच पाण्यात दोन ओघ, दोन्हींच्या खुणा वेगळ्या. नायट्रोजनचा पुण्याकडून आणि शेतातून आलेला वाटा वेगळा ओळखण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा शोधूनही मिळणार नाही.

कॅनडाच्या काबाना आणि रासमुसेन यांनी १९९६ मध्ये दाखवले की तळ्याच्या पाणलोटात माणसांची वस्ती जितकी दाट, तितके त्या तळ्यातल्या शेवाळावर पोसणाऱ्या प्राण्यांचे नायट्रोजन-मूल्य जास्त. म्हणून तिथे पायाचा मापदंड म्हणून शिंपले वापरले. शिंपला पाणी गाळून जगतो, वर्षानुवर्षे एका जागी राहतो आणि आकडे सरासरी करून सांगतो. काठावरच्या शेवाळाचा पाया सांगायला गोगलगायी वापरतात. उजनीच्या वरच्या टोकाला, मध्यावर आणि भिंतीजवळ शिंपले आणि गोगलगायी घेतल्या, एकदा धरण भरल्यावर ऑक्टोबरमध्ये आणि एकदा मे महिन्यात मायनसमध्ये, तर जिन्याचा पाया तयार होईल. त्याला फार खर्च नाही. वाट पाहायची तयारी मात्र हवी.

पाया हाती आला की पक्षी बोलू लागतील. इथल्या माशांत चिलापीने मोठी जागा व्यापली आहे. कटला, रोहू, मरळ यांच्या मानाने ती कुठल्या पायरीवर बसते, हे मोजून सांगता येईल. पाण्यावर सूर मारणारा नदी सुरय, पाण्यात उतरून मासा धरणारा पाणकावळा आणि जाळ्याभोवती घिरट्या घालणारा कुरव या तिघांचे बिंदू एकमेकांवर पडतात की वेगळे, हे दिसेल. रोहित पक्षी तर चिखल गाळून खातो. सांडपाण्याने वाढलेल्या शेवाळावर आणि चिखलातल्या अळ्यांवर तो पोसला जात असेल, तर त्याच्या पिसातला नायट्रोजन ते सांगेल. पर्यटक रोहितांचा गुलाबी थवा पाहून उजनीच्या काठच्या भिगवणहून आनंदाने परततात. त्या गुलाबी थव्याच्या मुळाशी पुण्याचे सांडपाणी किती, हे आपल्याला आकड्याने कळायला हवे. ते कळल्याखेरीज पाणी शुद्ध करण्याचा आग्रह धरताना आपण नेमके काय मागतो आहोत, हे सांगता येणार नाही.

पट्टकादंबाचे उत्तर कार्बनवरून मिळेल. हे हंस पाण्यावर विसावतात आणि काठच्या शेतांत चरतात. हरभरा आणि गव्हाचे कोवळे कोंब एका टोकाला, ज्वारी आणि मका दुसऱ्या टोकाला. शेतकऱ्याचे नुकसान किती आणि कुठल्या पिकाचे, हा वादाचा प्रश्न असतो. त्याला अंदाजाऐवजी मोजणीचे उत्तर मिळू शकते. ज्वारी आणि ऊस यांच्यात मात्र कार्बन फरक सांगणार नाही, दोन्ही एकाच गटातले आहेत.

आणि कुरव? तपकिरी डोक्याचे कुरव तिबेट आणि मध्य आशियाच्या पठारी सरोवरांवर वीण करतात आणि हिवाळ्यात भारताच्या किनाऱ्यांवर आणि आतल्या पाण्यांवर येतात. त्यांनी अरबी समुद्रावर किती काळ काढला आणि उजनीवर किती, हे ओळखायला तिसरे समस्थानिक, गंधकाचे, उपयोगी पडते. समुद्राच्या सल्फेटचे मूल्य अधिक २१ च्या आसपास, बहुतेक गोड्या पाण्यांचे त्याहून बरेच कमी. विणीनंतर उगवलेल्या पिसात पठारी उन्हाळ्याची खूण, रक्तपेशींत गेल्या महिन्याची, रक्तद्रवात या आठवड्यातल्या चिलापीची. शेवेचीही. बेसन हरभऱ्याचे, म्हणून कार्बनने मक्या-ज्वारीपासून वेगळे, आणि हरभरा कडधान्य असल्याने हवेतला नायट्रोजन बांधतो, म्हणून त्याचे नायट्रोजन-मूल्य शून्याजवळ. शेव-गाठी जास्त खाणाऱ्या कुरवाचा बिंदू आलेखावर खाली घसरलेला दिसेल. मांडव्याच्या लाँचवर वेफर्स उधळणाऱ्या प्रवाशांनाही हे कळायला हवे. पक्ष्याला दिलेला घास त्याच्या हाडापर्यंत जातो.

नान्नजचा माळ

सोलापूर म्हटले की पक्ष्यांत पहिले नाव माळढोकाचे. नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. आज तिथे माळढोक दिसणे हाच दुर्मीळ योग आहे. हा पक्षी समुद्राचा नाही, पण साधन तेच आणि प्रश्नही तोच: तो माळावर जगतो की शेतावर? पवन्या, कुसळी, मारवेल ही आपल्या माळाची गवते ज्वारीच्याच गटातली. त्या गवतावरचे टोळ खाणाऱ्या माळढोकाचे कार्बन-मूल्य उणे बाराकडे झुकेल. हरभऱ्यात आणि भुईमुगात चरणाऱ्याचे उणे सव्वीसकडे. ज्वारीवरचा टोळ आणि कुसळीवरचा टोळ कार्बनला सारखेच दिसतात, तिथे खताच्या नायट्रोजनवरून काही धागा मिळतो का ते पाहावे लागेल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात माळढोकांवर दीर्घ अभ्यास केला, आणि तिच्या मुंबईतल्या संग्रहात पक्ष्यांची हजारो जुनी कातडी जपून ठेवलेली आहेत. माळावर गळून पडलेले एखादे पीस आणि संग्रहातले जुने पीस एकाच यंत्रात गेले, तर माळ कमी होत गेला त्या काळात या पक्ष्याच्या जेवणाचे काय झाले, हे ताडता येईल. पीस गोळा करायला वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. ती घेण्याची खटपट करायलाच हवी.

काय करावे

यंत्रे आपल्या देशात आहेत. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, गोव्याची एनआयओ, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था या ठिकाणी समस्थानिकांचे काम वर्षानुवर्षे चालते. सोलापुरात लागते ती नमुने घेणारी माणसे, आणि ती आपल्याकडे आहेत. पाण्याचा प्रत्येक कोपरा मासेमाराला ठाऊक असतो. दर वर्षी पक्षिगणनेला येणारी मुले हौसेने चिखलात उतरतात. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे आणि महाविद्यालयांचे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत असतात. पहिल्या वर्षी पक्ष्याला हातही लावू नये. शिंपले, गोगलगायी, शेवाळ, चिलापी, काठची ज्वारी, ऊस आणि हरभरा एवढेच गोळा करावे. त्याच वर्षी नीट नोंद ठेवलेला पाया पुढच्या वीस वर्षांच्या अभ्यासाला पुरेल. दुसऱ्या वर्षी मेलेल्या पक्ष्यांची आणि गळलेली पिसे, परवानगीने. तिसऱ्या वर्षी, शिकलेल्या माणसाच्या हातून, थेंबभर रक्त.

त्या दिवशी मामांनी जाळे ओढून झाल्यावर होडीच्या तळाशी साचलेले पाणी उपसले आणि त्याबरोबर दोन शिंपले बाहेर फेकले. “ह्यो काय कामाचा?” ते म्हणाले. मी एक उचलून खिशात टाकला. काळपट, बोटभर लांब, आतून मोत्यासारखा चकाकणारा. घरी येऊन तो टेबलावर ठेवला आहे. वर्षानुवर्षे एका जागी बसून उजनीचे पाणी गाळत तो वाढला आहे. कुरवाबद्दल मामांना उत्तर द्यायचे, तर सुरुवात याच्यापासून करायला हवी.